सल्ला पटला, पण तुम्ही कोणाचे?

भंडारा जिल्ह्यात धान पिकतं, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघतं, मोहाडी-आंधळगावकडे कोसा विणला जातो आणि भंडारा शहर तर पितळी भांड्यांसाठीच ओळखलं जायचं. पण या सगळ्यांहून बारमाही असलेलं एक उत्पादन सरकारी आकडेवारीत कधीच येत नाही. ते म्हणजे सल्ला. त्याला पाऊस लागत नाही, वीज लागत नाही आणि कीडही पडत नाही. कुठल्याही पानठेल्यावर खर्रा घोटून होईस्तोवर तुमच्या दुकानाची जागा, मुलीचं शिक्षण, सासऱ्यांची साखर आणि देशाचं परराष्ट्र धोरण या चारही विषयांवर पक्का निकाल मिळतो, आणि पैसे फक्त खर्र्याचे द्यावे लागतात. अशा जिल्ह्यात एखाद्या तरुणाने ‘व्यवसाय सल्लागार’ अशी पाटी लावून सल्ल्याचे पैसे मागावेत, हा लोकांना आधी विनोद वाटतो आणि मग अपमान. या धंद्याच्या वाटेत पैशाचा आणि समाजाचा असे दोन अडथळे आहेत, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण दोन्ही अडथळे एकाच जातकुळीचे नाहीत. पैशाचा अडथळा सल्लागाराच्या खिशात असतो. समाजाचा अडथळा मात्र गिऱ्हाइकाच्या डोक्यात असतो, आणि माझं म्हणणं असं की त्याचं बिलही शेवटी गिऱ्हाइकालाच भरावं लागतं. फक्त ते बिल कोणी छापून देत नाही म्हणून त्याला कळत नाही.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे. तो मुंबईचा असला, तरी त्यातल्या माणसाने पुढे भंडाऱ्याच्या मतदारांकडे मत मागितलं होतं, म्हणून तो आपल्याही जिल्ह्याचा आहे. १९१७ साली भीमराव आंबेडकर लंडनहून परतले, ते अभ्यास अर्धा टाकून, कारण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून झालं होतं. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर तिथे राहायला जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत उतरले तिथून लोकांनी हाकलून लावलं. मुंबईला परत येऊन त्यांनी शिकवण्या केल्या, हिशेबाची कामं केली आणि शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली. सुरुवात बरी झाली. गिऱ्हाइकं येऊ लागली. मग सल्ला देणारा कोण, याची चौकशी झाली. चौकशीत तो अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा निघाला, गिऱ्हाइकं गेली आणि पेढी बंद पडली. आता या गोष्टीत कीव कोणाची करायची? शेअर बाजारातला माणूस नफ्यासाठी ग्रहांचं ऐकतो, स्वप्नांचं ऐकतो, लिफ्टमनने कुजबुजलेल्या बातमीचंही ऐकतो. त्याला पैसा कुठल्याही हातातून आलेला चालतो. नोट घेताना ती आधी कोणाच्या खिशात होती हे तो विचारत नाही. पण नफ्याची दिशा दाखवणारं बोट मात्र त्याला सोवळ्यातलं हवं होतं. लोभी माणसाने तत्त्वासाठी नफ्यावर पाणी सोडल्याची उदाहरणं इतिहासात फारशी सापडत नाहीत, आणि एखादं सापडलंच तर त्यातलं तत्त्व हे असलं निघतं.

आधी पैशाचा अडथळा निकालात काढू, कारण तो त्यातल्या त्यात सोपा आहे. लोक म्हणतात, या धंद्याला भांडवल कशाला लागतं? राइस मिल टाकायची तर शेड हवी, यंत्रं हवीत, वीजजोडणी हवी, हमाल हवेत. सल्ल्याला एक टेबल, एक लॅपटॉप आणि इस्त्रीचा शर्ट पुरतो. हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात वाट पाहण्याचा खर्च धरलेला नाही. पहिलं गिऱ्हाईक यायला काही महिने लागतात आणि त्याच्याकडून पैसे यायला त्याहून जास्त. वडिलांची पेन्शन आणि नागपुरात मामाचा फ्लॅट असलेल्या मुलाने ते वर्ष काढलं, तर त्याला अनुभव म्हणतात. लाखांदूरकडच्या दोन एकरवाल्याच्या मुलाने तेच वर्ष काढलं, तर तो रिकामा ठरतो आणि त्याला कोणी मुलगी देत नाही. बँकेकडे जावं तर बँकेचं सगळं शास्त्र तारणावर उभं. सल्लागाराचा माल त्याच्या डोक्यात असतो, आणि डोक्यावर जप्ती आणायची तरतूद अजून कुठल्या कायद्यात झालेली नाही. २०१६ साली सुरू झालेल्या ‘स्टँड-अप इंडिया’ योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि महिला उद्योजकांसाठी १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्जाची सोय झाली, सेवा क्षेत्र धरून. योजनेचा हेतू चांगला होता. पण एका टेबलावर दहा लाख कसे खर्च होतील हे दाखवायला प्रकल्प अहवाल लागतो, आणि प्रकल्प अहवाल करून घ्यायला सल्लागार लागतो. म्हणजे जिल्ह्यातल्या नव्या सल्लागाराचं पहिलं गिऱ्हाईक तो स्वतःच, आणि तेही उधारीचं. तरीही हा अडथळा सुटतो. आंबेडकरांनी १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून पै-पै वाचवली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये उसने घेतले आणि १९२० साली राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडन गाठलं. पैसा बचतीने, उसनवारीने, कोणाच्या तरी मोठ्या मनाने उभा राहतो. विटाळावर मात्र उसनवारी चालत नाही. त्याच सिडनहॅममध्ये त्यांचं व्याख्यान ऐकायला बाहेरच्या कॉलेजांतली मुलं येत, आणि त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोलीत त्यांनी पाण्याच्या सामाईक भांड्याला हात लावण्यावर काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. ज्ञान कानावाटे आत जातं म्हणून ते बाटत नाही, पाणी तोंडावाटे जातं म्हणून बाटतं, असा काहीतरी शरीरशास्त्रीय शोध त्या विद्वानांनी लावला असावा.

इथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी हात वर करील. तो म्हणेल, असा भेदभाव बाजारात टिकूच शकत नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ साली भेदभावाच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहून हेच मांडलं की भेदभाव करणारा स्वतःच त्याची किंमत मोजतो. त्यातून पुढचा निष्कर्ष असा निघाला की स्पर्धा कडक असेल, तर भेदभाव न करणारा दुकानदार तो करणाऱ्याला मागे टाकेल. पहिलं विधान तर मी वर केलंच आहे. गडबड दुसऱ्यात आहे. तुमसरच्या बाजारात धान विकायला नेलं की व्यापारी पोत्यात परखी खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, दाताखाली एक फोडून पाहतो. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र असतं आणि १७ टक्क्यांच्या वर गेलं की पोतं परत. तिथे शेतकऱ्याच्या आडनावाला वाव कमी, कारण दाणा स्वतः बोलतो. सल्ल्यात परखी खुपसता येत नाही आणि त्याचा ओलावा मोजणारं यंत्रही नाही. तो चांगला होता की वाईट, हे दोन-तीन हंगामांनी कळतं, आणि तेव्हाही नफा झाला तर श्रेय सेठजींच्या हुशारीला जातं आणि तोटा झाला तर सल्लागाराला. माल तपासता येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक माल देणाऱ्याला तपासतो. चेहरा, कपडे, इंग्रजी, मोटार आणि मग आपला तो सनातन प्रश्न: “कोनाचा पोरगा गा तू?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला पदवी लागत नाही, आणि पदवी असून उपयोगही होत नाही. म्हणून सल्ल्याच्या बाजारात स्पर्धा भेदभावाला धुऊन काढत नाही. उलट ती आडनाव, गाव आणि गोतावळा यांनाच गुणवत्तेचं प्रमाणपत्र बनवून टाकते. मुंबईतल्या त्या पेढीच्या थोडं आधी, १९१४ साली, शिकागोत एडविन बूझ यांनी व्यवसाय सल्ल्याचं काम सुरू केलं होतं. १९२६ साली त्याच शहरात विद्यापीठातले हिशेबशास्त्राचे प्राध्यापक जेम्स मॅकिन्से यांनी आपली पेढी काढली. त्या दोन्ही नावांवर पुढे जगभर धंदा झाला. मुंबईतल्या पेढीला निदान तोटा होऊन बंद पडण्याची तरी संधी मिळायला हवी होती.

दुसरा आक्षेप खास जिल्ह्यातला. इथल्या लोकांना सल्ला विकत घ्यायची सवयच नाही, त्यात जातीपातीचं काय, असं कोणी म्हणेल. सवय नाही, हे खरं नाही. भंडारा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीत जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळत असे, असं परंपरा सांगते. चांद्याच्या हिरशहा राजाचं नाव त्यासाठी घेतात, आणि तलाव बांधण्यात वाकबगार म्हणून कोहळी समाजाचं. उतार कुठला, पाळ कुठे घालायची, पाणी कुठून सोडायचं, हे कळणाऱ्या माणसाला जमिनीत मोबदला देणारा हा करार आजच्या कुठल्याही करारापेक्षा सरळ आहे: पाणी साचलं तर फी, नाही तर घरी जा. म्हणजे ज्ञानाची किंमत मोजायची अक्कल या मातीत होती. बिघडलं ते पुढे. आज एखाद्या तलावाचा अभ्यास व्हायचा असेल तर ६० किलोमीटरवरच्या नागपुरातून तज्ज्ञ येतो. मुंबईचा असेल तर त्याहून मोठा तज्ज्ञ, कारण आपल्याकडे सल्ल्याची किंमत प्रवासभाड्यावर ठरते. तो येतो आणि गावातल्या ढिवर माणसाला विचारतो की मासा अंडी कुठे घालतो, कुठली पाणवनस्पती गेली तर कुठली मासोळी जाते, पाणी कुठल्या महिन्यात उतरतं. ढिवर सांगतो. तज्ज्ञ लिहून घेतो. अहवालात त्या दुपारचं नाव ‘स्थानिकांशी चर्चा’ असं पडतं. तज्ज्ञाला मानधन मिळतं आणि ढिवराला चहा, तोही पुष्कळदा त्याच्याच घरचा. दोघांपैकी सल्लागार कोण, हे ज्ञानावरून ठरवायचं म्हटलं तर पाकिटावरचं नाव बदलावं लागेल, आणि तेवढं धाडस कुठल्याच लेखा विभागात नसतं.

तिसरा आक्षेप काळाचा. आता १९१७ राहिलेलं नाही, जीएसटीचा नंबर देताना कोणी जात विचारत नाही, २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचं ‘डिक्की’ हे चेंबर उभं केलं, कायदा आहे, योजना आहेत, फोनवर जगातलं गिऱ्हाईक मिळतं. हे सगळं मान्य. फरक खराच पडला आहे, आणि तो लढून पाडलेला आहे. पण भंडाऱ्यातल्या पाट्या नीट वाचाव्यात. नवा सल्लागार पाटीवर स्वतःचं पूर्ण नाव लिहीत नाही. लिहितो ‘सक्सेस सोल्युशन्स’, ‘ग्लोबल असोसिएट्स’. आत असोसिएट एकच असतो, तोच चहा सांगतो आणि तोच फोन उचलून “साहेब मीटिंगमध्ये आहेत” असंही सांगतो. व्हिजिटिंग कार्डावर पहिलं नाव ठळक, आडनावाच्या जागी एक इंग्रजी अक्षर. ही सगळी कलाकुसर हौसेची नाही. गिऱ्हाइकाच्या चौकशीला शक्य तितका उशीर लावायची ती योजना आहे. बाई सल्लागार असेल तर आडनाव लपवूनही सुटका नाही, कारण पहिलाच प्रश्न येतो, “साहेब कुठे आहेत?” साहेब म्हणजे मीच, हे पटवून देण्यात पहिली बैठक जाते आणि दुसरी बैठक होत नाही. आणि आडनाव गाळलं तरी चौकशी थांबते कुठे? गाव विचारतात, मग मोहल्ला, मग मामाचं गाव, आणि शेवटी ज्यांच्या फोटोला हार घातलाय त्यांच्याकडे पाहून समजायचं ते समजून घेतात. १९१७ च्या व्यापाऱ्याला बाहेर चौकशी करावी लागली. आजचं गिऱ्हाईक ती हसत-हसत समोरच करतं आणि तिला ओळख काढणं म्हणतं. काळ बदलल्याची ही खूण नाकारण्यात अर्थ नाही.

चौथा आक्षेप सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत घातक आहे. जे झालं ते बरंच झालं, असं म्हणणारे लोक आहेत. पेढी चालली असती तर आंबेडकर शेअर बाजारात अडकले असते, मग राज्यघटना कोणी लिहिली असती? या तर्काने चालायचं तर बडोद्यात त्यांना धर्मशाळेतून हाकलणाऱ्या जमावाचाही सत्कार करायला हवा आणि प्रत्येक जयंतीला सिडनहॅमच्या त्या पाण्याच्या भांड्याची मिरवणूक काढायला हवी. अडथळ्यांमुळे माणूस मोठा होतो, हे सुभाषित अडथळे उभे करणाऱ्यांना फार आवडतं, कारण त्यात त्यांना आपोआप सहशिल्पकाराचा मान मिळतो. खरं तर आंबेडकरांनी सल्ला देणं थांबवलंच नाही, फक्त गिऱ्हाईक बदललं. पेढी फसली त्याच सुमारास, १९१८ साली, भारतातल्या लहान शेतजमिनींवर त्यांनी एक निबंध लिहिला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर लागणारं भांडवल आणि राबणारे हात यांच्या प्रमाणावर ठरतं, आणि जमिनीवर साचलेले जादा हात उद्योगांकडे वळवल्याशिवाय शेतीचं दुखणं बरं होणार नाही, असा त्याचा आशय होता. १९२५ साली चलनाच्या प्रश्नासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्याच आयोगाने पुढे मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली. म्हणजे शेअरच्या व्यापाऱ्यांना ज्याचा सल्ला नको होता, त्याचं रुपयाबद्दलचं म्हणणं सात-आठ वर्षांत एका रॉयल कमिशनने टिपून घेतलं. या सगळ्यात तोटा आंबेडकरांचा झालाच, पण त्यांनी तो भरून काढला. त्या व्यापाऱ्यांचा तोटा मात्र कायमचा राहिला, आणि त्यांनी तो कुठल्याच वहीत मांडला नाही.

आता भंडाऱ्याकडे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ दुहेरी होता, म्हणजे एक सर्वसाधारण जागा आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराच्या हातात दोन मतं. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले आणि राखीव जागा काँग्रेसला गेली. मेहता पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, म्हणजे अर्थकारण कळणाऱ्या माणसाचं भंडाऱ्याला वावडं होतं असं काही म्हणता येत नाही. हा निकाल नुसत्या जातीचा होता असंही मी म्हणणार नाही. त्या काळी काँग्रेसच्या बैलजोडीचं वजन काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि निवडणूक हा सल्ल्याचा सौदा नसतो. पण हिशेब म्हणून एवढं नोंदवायला हरकत नाही की लहान लहान बांध्यांत धान लावणाऱ्या जिल्ह्याच्या दारात, लहान शेतजमिनींवर छत्तीस वर्षांपूर्वी निबंध लिहिलेला माणूस आपणहून आला होता आणि फी म्हणून एक मत मागत होता. दोन मतं हातात असताना त्यातलं एक पुरेशा लोकांनी त्यांना दिलं नाही. सल्लागाराला इतक्या स्वस्तात नाकारण्याची संधी जिल्ह्याला पुन्हा मिळालेली नाही.

मग करायचं काय? गिऱ्हाइकाने हृदयपरिवर्तन करून घ्यावं, असा उपदेश मी करणार नाही. तोही शेवटी फुकटचा सल्लाच, आणि त्याची इथे टंचाई नाही. मी फक्त त्याच्या लोभाला आवाहन करतो, कारण व्यापाऱ्याच्या सगळ्या गुणांत तोच सर्वांत भरवशाचा आहे. राइस मिलवाल्याने, कोसा विकणाऱ्याने, उरल्यासुरल्या पितळेच्या कारखानदाराने हिरशहाच्या अटी पुन्हा लागू कराव्यात: काम ठरवा, मुदत ठरवा, निकाल कशावरून मोजायचा ते ठरवा आणि निकाल लागला की मोबदला द्या. मोजमाप आधी ठरलं की ‘कोणाचा’ या प्रश्नाला काही कामच उरत नाही. ज्याला तरीही तो विचारायचाच असेल त्याने तो सल्ला घेण्याआधी विचारावा. सल्ला घेऊन, वापरून, नफा मोजून झाल्यावर विटाळ आठवणं हे धर्मशास्त्रातही बसत नाही. आणि सल्लागाराने? त्याने अर्धी फी आगाऊ घ्यावी, नाव काहीही असो. कारण “धानाचे चुकारे आले की देतो भाऊ” हे उत्तर भंडाऱ्यात प्रत्येक जातीच्या, धर्माच्या आणि पक्षाच्या सल्लागाराला सारखंच मिळतं, आणि निदान या एका बाबतीत आपला जिल्हा राज्यघटनेच्या आधीपासून समतावादी आहे.